गावाची वही

पाटोदा तालुका, जि. बीड
फाल्गुन

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू धनेश पक्ष्याचं सांगत होतीस. मादी झाडाच्या ढोलीत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि नर महिनोन्‌महिने त्या फटीतून तिला फळं भरवतो. रात्री तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे बाळंतपणच की गं बाई." पण माझ्या डोक्यात तुझं दुसरं बोलणं राहिलं. तू अभ्यासाला गेलीस त्या अरुणाचलातल्या पक्केच्या जंगलालगतच्या गावांत या ढोली राखणारी न्यिशी जमातीची माणसं त्याच गावची, आणि त्यातले काही तर एके काळचे शिकारी. 2011-12 पासून दूरदूरची माणसं एकेका घरट्याचं पालकत्व घेतात आणि त्यातून या राखणदारांचा पगार निघतो. ज्याला ढोल सापडायची त्याच्याच हाती ती सोपवली, हे मला फार पटलं. आपल्या गावात आम्ही नेमकं उलटं केलं होतं, म्हणून हे पत्र.

2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती आणि लोकांना विचारून भरलेली, गावातल्या झाडाझुडपांची नि प्राण्यांची एक नोंदवही असायला हवी. बरीच वर्षं गावोगाव त्याची आठवणच नव्हती. मग राष्ट्रीय हरित लवादानं 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली, पुढं दर महिन्याला राज्यावर 10 लाखांचा दंड, आणि एकच धावपळ उडाली. आपली वहीसुद्धा तेव्हाच झाली. बाहेरून कुणी आलं, सरपंचांची सही घेतली, छापील वही कपाटात गेली. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ती उघडली तर आपल्या गावच्या प्राण्यांत शेकरू! ताई, आपल्या माळावर शेकरूला उडी मारायला दोन झाडं जवळजवळ तरी आहेत का? आणि काळवीट, खोकड, पखुर्डी यांचा पत्ताच नाही. मला राग आला. त्याहून जास्त लाज वाटली, कारण एकतीस वर्षं मीही मुलांना पुस्तकातलेच वाघ-सिंह शिकवले.

म्हणून कोऱ्या दोनशेपानी वह्या आणल्या. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला, कोयत्यावर जातं, तुला ठाऊकच आहे. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळकरी पोरं आणि शेळ्या. त्यांनाच विचारायला सुरुवात केली. म्हाताऱ्या बायांनी एका बैठकीत पंधरा रानभाज्या सांगितल्या. चिघळ, घोळ, पाथरी, तरोटा, कुर्डू... कोणती कधी कोवळी, कोणती दोन पाण्यानं उकळायची, सगळं. एक आजी म्हणाली, "गुरुजी, आजवर कुणी इचारलंच न्हाई." ते वाक्य मी तसंच वहीत लिहिलं.

मागच्या आठवड्यात सहावीतल्या एका पोराबरोबर माळावर गेलो. त्यानं एकदम माझा हात धरला. पायाशी उघड्या मुरमावर धाविक पक्ष्याची दोन अंडी, खड्यांच्याच रंगाची. मी सरळ पाय दिला असता. पोरगं म्हणालं, "चार दिस झाले, शेळ्या वरल्या अंगानं नेतोय." कुणी शिकवलं नव्हतं त्याला. मला तिथंच बसावंसं वाटलं.

असा हा माळ आणि सरकारी कागदावर तो पडीक! पडीक म्हटलं की कुणीही खड्डे घेऊन झाडं लावायला येतं. मध्यंतरी इथं रांगेनं उंदीरमारी लावली, मध्य अमेरिकेकडची. आपल्या शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. मी झाडांच्या विरोधात नाही, नायगावच्या मयूर अभयारण्याकडं गेलो की मन निवतं. पण मारवेल, पवन्या, कुसळ ही कुरणाची गवतं आहेत. त्यांच्यावर शेळी-मेंढी जगते, काळवीट जगतं आणि काळविटावर लांडगा. ग्रामसभेत मुलांनी वही वाचून दाखवली. बराच वाद झाला, कारण चारा सगळ्यांनाच हवा. शेवटी वरचं टेकाड गवताचं बी पडेपर्यंत बंद ठेवायचं आणि मग वाटून कापायचं ठरलं. धनगर आळीचा एक माणूस समितीत हवाच, असा मी हट्ट धरलाय. अजून घेतलेला नाही.

आता तुला सांगायचं ते. तुझा प्रबंध इंग्रजीत होईल, तो होऊ दे. पण तिथून निघशील तेव्हा त्या राखणदारांच्या हातात, त्यांना वाचता येईल असं काय ठेवशील? कुठलं झाड कधी फळलं, कुठली ढोल ओस पडली, हे तू त्यांच्याच पायांनी हिंडून गोळा केलंस. शाळेत जाऊन मुलांना दाखव, त्यांची नावं लिही. कामाच्या शेवटी वेळ उरत नाही, म्हणून आत्ताच सुरू कर.

आईनं ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी पाठवलीय. पोरांनी विचारलंय की ढोलीत इतके दिवस घाण होत नाही का. उत्तर सविस्तर लिही, मी शाळेत जाऊन वाचून दाखवीन.

अंडी अजून फुटलेली नाहीत. फुटली की कळवतो.

तुझे,
अण्णा