आधी पासपोर्ट हातात घे

॥ श्री ॥
सेलू
महालक्ष्म्यांच्या आदला दिवस

चि. मयुरीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास तो ठेवलासच. बाबा म्हणाले, व्हिएतनामला घड्याळ दीड तास पुढं असतं, झोपली असेल ती. पण मध्यरात्र उलटली तरी मला तू ऑनलाइन दिसायलीस. फोनवर आपलं दोघींचं बोलणं भांडणावर जातं म्हणून लिहायला बसले. लिहून झालं की फोटो काढून पाठवते. सावकाश वाच.

एकच विचारते, मग परत विचारणार नाही. पासपोर्ट परत दिला का त्या इंग्रजीच्या सेंटरवाल्यांनी?

तू सांगितलंस ते सगळं मी नीट ऐकलं होतं, तुला वाटतं तसं नाही. करारात आठवड्याला 22 तास शिकवणं. आता नवा मॅनेजर म्हणतो, वर्ग संध्याकाळी साडेपाचला असला तरी दुपारी एकलाच येऊन बसायचं. बसून तयारी करायची, वह्या तपासायच्या, एकेका पोराचा व्हिडिओ काढून पालकांना धाडायचा, नव्या गिऱ्हाइकांसाठी डेमो क्लास घ्यायचा, आणि पुढच्या पौर्णिमेला त्यांचा तो कंदिलांचा सण आहे त्याची सजावटही मास्तरांनीच करायची. शनिवार-रविवार सकाळी आठपासून. पैसे मात्र वर्गात उभी राहशील तेवढ्या तासांचे. आणि आता हे सगळं मान्य आहे म्हणून नव्या कागदावर सही कर म्हणतात. मी म्हणाले, जमवून घे, नोकरीत असं चालायचंच. तिथं तुझा आवाज चढला.

ते मी आत्ताही सगळंच मागं घेत नाही. पण तू शेवटी बोललीस ते वाक्य डोक्यातून जाईना. "आई, मी सीएचबी सोडून समुद्रापार आले आणि इथंही सीएचबीच." तासिका तत्त्वावर, म्हणजे त्या सीएचबीवर, कॉलेजात होतीस तेव्हाचं आठवतंय मला. तास घेतला तर पैसे. पेपर तपासणं फुकट, स्नेहसंमेलन फुकट, कॉलेजच्या मूल्यांकनाची ती नॅकची फाईल रात्री बसून केलीस ती फुकट. आणि मानधन यायचं ते दिवाळी होऊन गेल्यावर कधीतरी. मामाचं तर त्याहून वाईट, विनाअनुदानितवर अर्धं आयुष्य गेलं, ते तुला काय सांगू. तू निघालीस तेव्हा मामीनं तुझ्या कपाळाला कुंकू लावताना मामा बाहेर जाऊन उभा राहिला होता, बघितलंस का?

तर तयारीचं. हे मला कुणी शिकवायला नको. पाठाचं टाचण काढल्याशिवाय मी एक दिवस वर्गात गेले नाही. द्विशिक्षकी शाळा, दोघांत चार वर्ग, म्हणजे एका दिवसाचं दोन वर्गांचं टाचण. शाळेतून काळी-पिवळीनं घरी यायला सहा. चुलीवर वरण चढवायचं आणि पाटावर वही ठेवून लिहायला बसायचं. तू शेजारी. एकदा पहिलीच्या गणिताच्या टाचणावर तू लाल पेननं भलीमोठी म्हैस काढलीस आणि दुसऱ्याच दिवशी केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्यांनी पान उलटलं, म्हैस बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि खाली सही करून लिहिलं, "शैक्षणिक साहित्याचा वापर चांगला." ती वही अजून माळ्यावर आहे.

त्या कामाचे वेगळे पैसे कुणी दिले नाहीत, खरंय. पण ते काम नाही असंही कुणी म्हणालं नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय: शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास, तयारीचे तास धरून. धरून! आमच्या संघटनेच्या सभेत हे वाचून दाखवलं होतं. त्याच्याही आधी, 5 ऑक्टोबर 1966 ला, युनेस्को आणि आयएलओनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं, शिक्षकांबद्दल जी शिफारस मंजूर केली तिच्यातही हेच आहे, शिकवण्याचे तास ठरवताना पाठाच्या तयारीला आणि तपासणीला लागणारा वेळ लक्षात घ्यावा. आम्ही 5 सप्टेंबरला शाल-नारळ घेतो आणि 5 ऑक्टोबर कुणाच्या ध्यानातही नसतो. असो.

मागं तू वर्गाचा व्हिडिओ पाठवला होतास ना, चित्रांची कार्डं दाखवतानाचा. पोरं ओरडत होती, मला एक अक्षर कळलं नाही. मी कार्डं बघत होते. पुठ्ठ्याची, हातानं कापलेली, आणि चारी कोपरे गोल. लहान पोरांना टोचू नयेत म्हणून कोपरे गोल कापायचे हे तू माझं बघितलेलं. एका कार्डाचे चार कोपरे, अशी किती कार्डं, आणि ती तू कधी कापत असशील? रात्रीच. मी तो व्हिडिओ शेजारच्या मंडळींना दाखवला, पेन्शनच्या कामाला पंचायत समितीत गेले तिथंही दाखवला. म्हटलं, आमची मयुरी व्हिएतनामच्या लेकरांना इंग्रजी शिकवते. साहेब म्हणाले, सेलूची पोरगी? मी म्हणाले, होय.

पण पासपोर्ट, मयू. रहिवासी कार्डाच्या कामाला लागतो म्हणून नेला, ठीक आहे. काम झालं असेल ना आता? आणि एमएची मूळ पदवी का ठेवून घेतली? तिच्यावर मंत्रालयाचा शिक्का, मग दिल्लीला परराष्ट्र खात्याचा, मग त्यांच्या दूतावासाचा, बाबांनी किती खेटे घातले. नक्कल चालत नाही का त्यांना?

सुनीलदादाला मी सगळं सांगितलं. रागावू नकोस, वकील आहे तो आणि घरचा आहे. त्यानं तिकडचा कामगार कायदा काढून वाचला, 1 जानेवारी 2021 पासूनचा जो नवा आहे तो. तो म्हणाला तेवढं लिहिते. दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास ही मर्यादा. त्याच्यावर काम घ्यायचं तर तुझी संमती लागते, आणि साध्या दिवशी दीडपट, सुट्टीच्या वारी दुप्पट, सणाच्या सुट्टीला तिप्पट पैसे. म्हणून सगळी मेख कशात आहे, तर ऑफिसात बसलेली वेळ कामाची धरायची की नाही ह्यात. ते एकतर म्हणतील, ती तुझी तयारी, तुझी तू कर. मग घरी करू द्या. बसवून ठेवायचं आणि कामही म्हणायचं नाही, दोन्ही कसं चालेल? हे माझं म्हणणं. सुनीलदादा म्हणतो, करारात शब्द काय वापरलाय त्याच्यावर आहे.

दुसरं त्यानं सांगितलं ते मला जास्त लागलं. त्याच कायद्याच्या 17 व्या कलमात मालकानं कामगाराची ओळखीची मूळ कागदपत्रं, पदव्या, प्रमाणपत्रं ठेवून घ्यायची नाहीत असं आहे. म्हणजे मागायला तुला लाजायचं कारण नाही. आणि आपल्या पासपोर्टवरच छापलेलं असतं की हा भारत सरकारच्या मालकीचा आहे. मी माझा काढून बघितला. माझा-तुझाही नाही तो, मग त्या मॅनेजरचा कुठून झाला?

तिसरं म्हणजे तू जे म्हणत होतीस, उद्याच राजीनामा तोंडावर फेकते. फेकू नकोस. तुझा करार वर्षाच्या वरचा आहे, तर 30 दिवस आधी लेखी कळवून सोडता येतं. पण करार संपला की वर्क परमिटही संपतं, ते त्याच मालकाच्या नावावर असतं. मग तू कुठल्या कागदावर तिथं राहणार? दुसऱ्या सेंटरचं पत्र हातात नाही, पासपोर्ट त्यांच्या कपाटात. बशीरभाईंचा थोरला आठवतो ना, आखातात होता तो? त्याचा अरबाब, म्हणजे तिकडचा मालक, असाच कपाटाला कुलूप लावून गावाला गेला होता. चाचीची माती झाली तेव्हा तो तिकडं फोनवर रडत होता आणि इकडं बशीरभाई स्पीकर लावून बसले होते. मी तिथं होते. तुला हे मागंही सांगितलंय, माहितीये मला.

व्हिएतनाम म्हणजे आखात नाही, हे तू म्हणशील. बरोबर आहे. हनोईला आपला दूतावास आहे, सायगॉनला, म्हणजे हो ची मिन्ह सिटीला, वाणिज्य दूतावास आहे, पत्ता लिहून जवळ ठेव, फोनमध्ये नाही, कागदावर. फोनची बॅटरी उतरते. आणि रोज टाचण काढतेसच, त्याच्यावर वेळ घालत जा. इतक्या वाजता बसले, इतक्या वाजता उठले, कुणी सांगितलं, काय केलं. सजावट केली तर सजावट असं लिही. व्हिडिओ पाठवले तर किती ते लिही. मॅनेजरनं तोंडी काही सांगितलं तर संध्याकाळी त्याला मेसेज टाक, "तुम्ही आज असं सांगितलंत, बरोबर ना?" रोजच्या रोज लिहिलेली वही असली की समोरच्याला हवेत बोलता येत नाही. जेवण वेळेवर कर. भात खाऊन पोट भरत नाही म्हणून ते कपातले शेवयाचे प्रकार खात बसू नकोस. येसर दिलंय ना बांधून, गरम पाण्यात कालवलं तरी आमटी होते. रात्री बारानंतर फोन बाजूला ठेव. आणि गोऱ्या मास्तरांना तासाला जास्त आणि तुला कमी, ह्याच्यावर एकटी भांडू नकोस, त्या फिलिपिन्सच्या पोरी आहेत ना तुझ्याबरोबर, त्यांनाही विचार, चौघी मिळून बोला.

झालं, अंगात शाळेतल्या बाई शिरल्या. माफ कर. तू एवढी मोठी झालीस, वर्ग सांभाळतेस, आणि मी तुला जेवायला सांगते.

खरं सांगू, मला भांडायचीच भीती वाटते असं नाही. आप्पा 1977-78 च्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपात होते, तो 54 दिवस चालला. घरात ज्वारी उधारीची. आजी रोज विचारायची, कधी मिटायचा? आणि आप्पा म्हणायचे, मिटेल तेव्हा मिटेल. मी तेव्हा लहान होते, मला फक्त एवढं कळायचं की वडील सकाळी शाळेत न जाता पारावर जातात आणि लोक त्यांच्याशी जरा अदबीनं बोलतात. तुझ्यात ते आलंय, माझ्यात नाही आलं. पण आप्पा गावात होते, गं. वाणी ओळखीचा होता. तुला तिकडं उधारीवर तांदूळ कोण देणार?

म्हणून म्हणते, क्रम चुकवू नकोस. आधी पासपोर्ट आणि पदवी. गोड बोलून माग. बँकेला लागतो म्हण, काहीही म्हण. ते हातात आलं की मग तासांचं काढ, आणि तेव्हा कमी बोलू नकोस. नव्या कागदावर तोवर सही नाही. वाचायला वेळ द्या म्हणायचं, एवढंच. मी ह्याच्यावर परत लिहिणार नाही असं वर म्हटलं होतं, माहितीये.

सुनीलदादाला कराराची पानं पाठव. इंग्रजी आणि व्हिएतनामी, दोन्ही. दोन्हीत फरक निघाला तर कुठली धरायची हे बहुतेक शेवटच्या पानावर असतं म्हणतो, आणि तू पाठवलेलं तेच पान पुसट आलंय. उजेडात धरून काढ.

उद्या महालक्ष्म्या बसतील. ह्या वेळी मुखवटे मीच चढवणार, मामीचे गुडघे दुखायलेत. सोळा भाज्यांतल्या दोन अजून मिळायच्यात. परवा पुरणाचा नैवेद्य झाला की व्हिडिओ कॉल करते, उचल.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी मागल्या वर्षीचं राखलेलं सोयाबीन विकायला काढायचं ठरवलंय, भाव नसताना. तू विचारू नकोस. विचारलंस तर म्हणतील, घरात जागा होत नाही. काल रात्री बसून तिकडून यायच्या विमानाचे दर बघत होते.