कुगारुकच्या आजींना, चिरा आणि फटींच्या धड्याबद्दल

ती. आजींस, शि. सा. न.

कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुतमधल्या तुमच्या गावी मासा धरायचा, चिरायचा आणि टिकवायचा कसा हे तुम्ही कारणांसकट शिकवलंत. हे जाहीर आभार त्या कारणांसाठी.

उन्हाळाभर समुद्रात खाऊन चरबी धरलेला ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा ऑगस्टच्या सुमारास नदीतून तळ्याकडे परततो. तेव्हा उथळ पात्रात दगडांचा बांध घालायचा, सापुतित. पाणी अडवायचं नाही, मासा अडवायचा, हे तुम्ही आधी बजावलंत. फटी बुजवल्या की पाणी तुंबतं आणि दगड ढकलून देतं. अडकलेल्या माशाला काकिवाकने टिपायचं. या भाल्याला मधे अणकुचीदार काटा आणि बाजूंना कस्तुरी-बैलाच्या शिंगाचे दोन लवचीक हात. त्यांच्या टोकांचे काटे आत वळलेले. घाव बसताना हात फाकतात, मग मिटून माशाला दोन्हीकडून धरतात. तो जितका धडपडेल तितका घट्ट बसतो.

खरी कसोटी पिप्सीची, म्हणजे सुकवलेल्या माशाची. डोकं आणि कणा काढायचा, दोन्ही बाजू शेपटीशी जोडलेल्या ठेवायच्या. मग उलूने, त्या अर्धगोल पात्याने, मांसावर बोटभर अंतराने आडव्या चिरा. चीर कातडीपर्यंत पोचली पाहिजे, पण कातडी कापली जाता कामा नये. उथळ राहिली तर वरून सुकलेला तुकडा आतून ओला राहून आंबतो. खोल गेली तर तुकडा गळून मातीत पडतो. काठीवर टाकताना कातडी आत, मांस वाऱ्याकडे. वरचा थर लवकर आवळला गेला की माश्यांना अंडी घालायला ओल मिळत नाही, म्हणून पहिला दिवस राखणीचा. पाऊस आला की झाकायचं, थांबला की लगेच उघडायचं. मिठाचा कणही नाही. आपल्याकडे वलांडीवरच्या, म्हणजे वाळवणाच्या मांडवावरच्या, बोंबलाला असतो तसा सगळा भरवसा वाऱ्यावर. पोटाकडचा चरबीदार भाग लवकर खवट होतो, तो आधी संपवायचा.

मासा दगडांखाली साठवून ठेवतात, त्या साठ्यातही हवा खेळती हवी. दगड इतके जड की कोल्ह्याला हलू नयेत, पण मधे फटी राहिल्याच पाहिजेत.

सर्वांत मोठे आभार प्लॅस्टिकच्या बादलीबद्दलच्या इशाऱ्याचे. आंबवायचा मासा किंवा सीलचं मांस झाकणबंद बादलीत, उबेला ठेवलं की हवा कोंडते आणि बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू विष तयार करतात. आर्क्टिक किनाऱ्यावर आढळणारा त्यांचा ई प्रकार 3 अंश सेल्सिअसच्या आसपासही वाढू शकतो. वासावरून कळेलच असं नाही, आणि गोठवून ते विष जात नाही. म्हणूनच तुमच्याकडे हे काम थंडाव्यात आणि जाणत्या हातांनीच होतं. पिप्सीची कृती आम्ही पुढे शिकवतो. आंबवण्याची कृती मात्र वाचून कुणी करून पाहू नये, हे तुमचं म्हणणं जसंच्या तसं सांगतो.

तुमचे ऋणी,
मासळी सुकवण्याचं काम शिकवणारे आम्ही सारे