सिंहस्थासाठी तरी सार्वजनिक फोन ठेवा

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

पीसीओच्या, म्हणजे पैसे देऊन वापरायच्या सार्वजनिक फोन बूथच्या, आठवणी काढून गळा काढायला हे पत्र लिहीत नाही. ती पिवळी पाटी, काचेचं केबिन, लाल आकडे पळवणारं मीटर, सगळं गेलं. २००३ मध्ये मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले तेव्हाच त्या धंद्याचं भवितव्य ठरलं. रात्री ११ नंतर बाहेरगावच्या कॉलला पाव दर लागतो म्हणून नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतले कामगार बूथपुढे ताटकळायचे. आज त्यांना खोलीवर बसून गावाकडच्या लेकराचं तोंड दिसतं. ते चांगलंच झालं.

पण धंदा बुडाला म्हणून गरजही संपली, असं सरकारने धरून चाललेलं दिसतं. तिथेच माझी हरकत आहे.

पौषवारीच्या दिवसांत त्र्यंबकेश्वराहून परतणाऱ्या वारकऱ्यांची एका बसस्थानकावर झुंबड होती. एक म्हातारी दिंडीपासून चुकलेली. कनवटीला प्लॅस्टिकच्या पिशवीत चिठ्ठी, चिठ्ठीवर बॉलपेनने लिहिलेले दोन नंबर, त्यातला एक घामाने पुसट झालेला. तिने शेजारच्या पोराकडे फोन मागितला. त्याने तो खिशात घातला. मी त्याला दोष देत नाही. भामटे स्टार ४०१ फिरवायला लावून कॉल दुसरीकडे वळवतात, सावध राहा, असं तुमच्याच खात्याने बजावलं आहे. आपला फोन हातात घेतलेला अनोळखी माणूसही असलाच खेळ करू शकतो. ज्या फोनमध्ये बँक आहे तो परक्याच्या हातात कोण देईल? शेवटी एका चहावाल्याने नंबर लावला, पण फोन स्वतःच्याच हातात धरला आणि स्पीकर सुरू केला. “तुम्ही म्होरं गेले का रे? मी हितंच हाये,” हे अख्ख्या फलाटाने ऐकलं.

म्हणजे ‘आता प्रत्येकाकडे फोन आहे’ हे उत्तर पुरत नाही. शेजाऱ्याकडे फोन आहे, पण तो मागायची सोय उरलेली नाही. पूर्वी अनोळखी माणसापुढे हात पसरायची वेळच यायची नाही. रुपयाचं नाणं टाकलं की काम व्हायचं.

आता नाशिकला २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा आहे. २७ ऑगस्ट २००३ ला पर्वणीच्या दिवशी रामकुंडाजवळ सरदार चौकात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली, हे आम्ही नाशिककर विसरलेलो नाही. तेव्हा मोबाइल थोड्यांकडे होते. आता बहुतेकांकडे असतील, पण सगळे एकाच वेळी, एकाच टॉवरवर. गर्दीत नेटवर्कची कांडी पूर्ण दिसते आणि कॉल लागत नाही, हा अनुभव कुठल्याही जत्रेत येतो. तारेने जोडलेला फोन त्या रांगेत नसतो. तांब्याच्या तारेवरचा जुना फोन तर एक्स्चेंजच्या विजेवर चालायचा, घाटावरची लाईट गेली तरी. त्यात गोदावरीत डुबकी मारताना पिशवी काठावर ठेवलेली असते. ती चोरीला गेली की पैशाबरोबर फोनही जातो.

हरवले-सापडले केंद्र असतंच, असं सांगितलं जाईल. असतं, आणि भोंग्यावर नावंही पुकारतात. पण पुकारा घाटावर ऐकू जातो, गावाकडे काळजीत बसलेल्या लेकाला नाही. दुसरं उत्तर मोफत वाय-फायचं येईल. २०२० च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेली सार्वजनिक वाय-फायची पीएम-वाणी योजना पीसीओच्याच धर्तीवर आखली होती. गंमत अशी, की ती वापरायला आधी हातात चालू मोबाइल लागतो.

बाहेरच्यांचंही पाहा. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा कंपनीने २०२१ मध्ये सार्वजनिक फोनवरून देशांतर्गत कॉल मोफत केले. ब्रिटनमध्ये नियामकाने २०२२ मध्ये नियम केला, की अपघातप्रवण किंवा मोबाइलचं नीट कव्हरेज नसलेल्या जागेचा फोन वापर कमी आहे एवढ्यावरून काढायचा नाही. त्या कसोटीवर आमचे पेठ, सुरगाण्याचे घाटरस्ते सहज बसतील.

पैशाचं म्हणाल तर दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून घेतलेली आकारणी डिजिटल भारत निधीत जमा होते. जिथे सेवा पोचत नाही तिथे ती पोचवायलाच हा निधी आहे. खेड्यातले सार्वजनिक फोन त्याच्या जुन्या अवतारातून दिले गेले होते.

नाणी नकोत, कार्ड नको. मोठ्या बटणांचा, तारेचा, फुकट फोन. तीन मिनिटांनी आपोआप बंद होणारा. ११२ (तातडीची मदत) आणि १०९८ (मुलांची मदतवाहिनी) साठी एकेक वेगळं बटण. ठेवायचा मात्र रात्रंदिवस माणूस असेल तिथेच, नाहीतर आठवड्यात रिसिव्हर कापून नेतील. धमकीचे कॉल होतील ही भीती रास्त आहे. म्हणून तर तो पोलीस चौकीशेजारी, कॅमेऱ्यासमोर हवा. रामकुंड, तपोवन, सीबीएस बसस्थानक, नाशिकरोड स्टेशन, सिव्हिल हॉस्पिटलचा अपघात विभाग आणि त्र्यंबकेश्वर एवढ्यापासून सुरुवात करा. सिंहस्थ उरकला की बाकीचे काढायचे तर काढा, सिव्हिलचा आणि स्टेशनचा मात्र कायम ठेवा.

कुंभमेळ्याचे रस्ते-पूल उभे राहत असतानाच तारा टाकून घेता येतील. एकदा डांबर पडलं की पुन्हा खोदकाम, आणि ते नाशिककरांनी पुरेसं भोगलं आहे. तेव्हा कुंभमेळा प्राधिकरणाला आपल्या खात्याचं पत्र या पावसाळ्याआधी जावं, ही विनंती.

आपला,
पंचवटीतला एक रहिवासी