घाऊक बाजार आखताना गाळ्यांच्या आधी मालाची वाट आखा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

राज्यात ठिकठिकाणी बाजार समित्यांच्या जुन्या आवारांची पुनर्बांधणी करण्याच्या आणि शहराबाहेर नवी आवारे उभारण्याच्या गोष्टी चालू आहेत. वाशीच्या कांदा-बटाटा बाजाराच्या इमारती धोकादायक ठरूनही बराच काळ लोटला आहे आणि तेथील नव्या बांधकामाची चर्चा वर्षानुवर्षे ऐकू येते. अशा बातम्यांत जागा किती एकर, गाळे किती, मजले किती आणि खर्च किती कोटी, हे आकडे हमखास असतात. परंतु मालाने भरलेली गाडी फाटकातून आत शिरल्यापासून रिकामी होऊन बाहेर पडेपर्यंत किती वेळ लागेल, हा आकडा माझ्या वाचनात आजवर एकदाही आलेला नाही. सव्वीस वर्षे कोथिंबीर, मेथी आणि टोमॅटो पिकवून पुण्या-मुंबईच्या बाजारांत पाठवणारा शेतकरी या नात्याने मला याच एका आकड्याविषयी लिहायचे आहे, कारण माझ्या मते घाऊक बाजाराची सगळी आखणी त्यावरून ठरली पाहिजे.

कोथिंबिरीचे उदाहरण घेतो. दुपारी चारच्या सुमारास उपटून, मुळे धुऊन बांधलेल्या जुड्या आम्ही ओल्याच गाडीत रचतो, वर ओले बारदान घालतो आणि दिवेलागणीला गाडी निघते. चालत्या गाडीला वारा लागतो तोवर माल ठीक राहतो. गाडी थांबली की थराच्या पोटात ऊब धरू लागते. अडत्या, म्हणजे आमचा माल विकून देणारा मध्यस्थ, भाव बोलण्याआधी थरात कोपरापर्यंत हात घालतो तो ही ऊबच पाहायला, आणि हात बाहेर काढताना बोटांना पिवळे पान चिकटले असेल तर पुढचे बोलणे शेकड्यामागे कितीने कमी, एवढेच उरते. शेतात दीड महिना सांभाळलेला माल शेवटच्या दोन-तीन तासांत, तोही बाजाराच्या दारात उभा असताना खराब होतो.

मी गेली अकरा वर्षे एक वही ठेवली आहे. गाडी फाटकात कधी पोचली, आत कधी गेली, माल कधी उतरला आणि पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, कधी हातात पडली, या चार वेळा मी प्रत्येक खेपेला लिहून ठेवतो. त्या वहीतील एका पावसाळी रात्रीची नोंद अशी आहे : फाटकात ११.४०, आत २.५०, माल उतरला ४.३५. त्या रात्री आत जागा नव्हती असे नव्हे. पालेभाजीच्या शेडसमोर किरकोळ विक्रेत्यांचे रिकामे टेम्पो खरेदीच्या वाटेकडे डोळे लावून आधीच उभे होते, त्यांच्या मागे टोमॅटोचा ट्रक अडकला होता, ट्रकामागे आम्ही होतो, आणि येण्याचा व जाण्याचा रस्ता एकच होता. साडेचारला माल खाली झाला तेव्हा पहिले गिऱ्हाईक माल भरून निघून गेले होते. हा दोष मी कोणा कर्मचाऱ्याच्या माथी मारत नाही. फाटकावरचा माणूस भिजत उभा राहून हातवारे करत होता, पण रस्ताच नसेल तर त्याने गाड्या वळवाव्यात तरी कुठे?

रस्ता का नसतो, याचे कारण आवाराच्या हिशेबात सापडते. बाजार उभारण्याच्या खर्चाचा मोठा वाटा गाळ्यांच्या वाटपातून उभा राहतो, म्हणून नकाशा काढताना अमुक जागेत जास्तीत जास्त गाळे कसे बसतील याचा विचार पहिल्याने होतो आणि गाळ्यांच्या रांगांमध्ये जे उरते त्याला रस्ता म्हटले जाते. मोकळ्या जागेचे भाडे येत नाही. त्यामुळे नकाशावर ती आधीच आखडते आणि पुढे दहा-पंधरा वर्षांत गाळ्यासमोरचा धक्का, म्हणजे माल उतरवण्याचा ओटा, हळूहळू दुकानात जमा होतो, धक्क्यावरचा माल रस्त्यावर येतो आणि रस्त्यावरची गाडी फाटकाबाहेरच्या रांगेत जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाळ्यांसमोर एकेक गाडी उभी राहील आणि मधून येणारी-जाणारी अशा दोन गाड्या निघतील, म्हणजे चार गाड्यांची रुंदी, एवढी जागा सोडल्याशिवाय त्या रस्त्याला बाजारातला रस्ता म्हणता येणार नाही.

या गोष्टीचा साधा हिशेब कोणालाही मांडता येईल. उदाहरणादाखल समजा की रात्री दहा ते पहाटे चार या सहा तासांत ६०० गाड्या माल घेऊन येतात. ताशी १०० गाड्या आल्या आणि प्रत्येकीला उतरायला दीड तास लागला, तर एका वेळी १५० गाड्या उभ्या राहतील एवढे धक्के हवेत. हाच वेळ पाऊण तासावर आला तर ७५ पुरतात. परंतु गाड्या अशा समान अंतराने येत नाहीत. निम्म्या गाड्या दोनच तासांत आल्या तर ताशी १५० होतात आणि दीड तासाच्या हिशेबाने २२५ जागा लागतात. म्हणजे जागेची गरज एकरांवर जितकी अवलंबून आहे तितकीच उतराईच्या वेगावर आणि गर्दीच्या तासांवर आहे. सरासरी दिवसाचा आकडा धरून केलेला नकाशा गर्दीच्या रात्री कोलमडणारच. पुण्याच्या गुलटेकडीला रविवारची आवक आठवड्यात सर्वांत मोठी असते आणि फळबाजारात आंब्याच्या हंगामात पेट्यांचे ढीग लागतात. आखणी करायची ती त्या रविवारची आणि त्या एप्रिल-मे महिन्यांची.

जुन्या आखणीला सरसकट नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मुंबईतील मशीद बंदर, भायखळा आणि क्रॉफर्ड मार्केट परिसरातील दाटीवाटीचा घाऊक व्यापार खाडीपलीकडे नेण्याचा निर्णय दूरदृष्टीचा होता. १९८१ साली कांदा-बटाट्यापासून सुरुवात होऊन १९९६ साली फळे आणि भाजीपाला वाशीला गेला. मसाला, धान्य, फळे, भाजी आणि कांदा-बटाटा असे पाच बाजार वेगवेगळे ठेवले, हेही योग्यच झाले. पण त्यानंतर वाहतूकच बदलली, हे आपण लक्षात घेतलेले नाही. त्या काळी गावोगावचा माल हुंडेकऱ्याकडे, म्हणजे माल पोचवणाऱ्या वाहतूकदाराकडे, जमून मोठ्या ट्रकने जात असे. २००५ साली ज्याला आपण छोटा हत्ती म्हणतो तो टेम्पो रस्त्यावर आला, पाठोपाठ पिकअप गाड्या आल्या, आणि एका ट्रकात येणारा माल सहा-सात लहान गाड्यांतून येऊ लागला. माल तेवढाच राहिला तरी फाटकातून जाणाऱ्या गाड्या, पावत्या, वळणे आणि उभे राहण्याच्या जागा कितीतरी वाढल्या.

याचा सर्वांत थेट परिणाम हमालांच्या पाठीवर झाला आहे. दहा टायरच्या ट्रकचा हौदा आणि पिकअपचा हौदा एका उंचीवर नसतो. धक्का ट्रकच्या मापाने बांधलेला असेल तर पिकअपमधील गोणी हमालाला खालून वर चढवावी लागते, आणि धक्काच नसेल तर ट्रकमधील गोणी पाठीवर घेऊन फळीवरून उतरावे लागते. पावसाळ्यात कोबीच्या पानांनी बुळबुळीत झालेल्या फरशीवर, झाकण गेलेल्या गटाराच्या कडेने, पन्नास किलोंची गोणी पाठीवर घेऊन चालणाऱ्या माणसाचे पाऊल कसे पडते, हे नकाशा काढणाऱ्याने एकदा तरी पाहावे. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली स्वतंत्र कायदा करणाऱ्या राज्यात धक्क्याची उंची आणि फरशीचा उतार ठरवताना हमालांना विचारले जाऊ नये, ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटते. दोन उंचींचे धक्के, गाळ्यापासून बाहेर जाणारा उतार, जाळीदार झाकणांची सलग गटारे आणि हातगाडी अडखळणार नाही अशी फरशी, यांत महागडे काहीच नाही, फक्त ते आधी ठरवावे लागते. बांधून झाल्यावर धक्का उचलता येत नाही आणि उतार बदलता येत नाही.

प्रत्येक मालाचे वागणे वेगळे असते, म्हणून सगळ्यांना एकाच मापाचा गाळा देणेही चूक आहे. कांद्याला कोरडी, खेळती हवा लागते. पालेभाजीला सावली, हवा आणि भरपूर पाणी. धान्याला पाण्याचा थेंबही नको. पालेभाजीला खरे तर गाळा लागतच नाही, तिला चारही बाजूंनी उघडी, उंच छताची शेड पुरते, कारण ती दुपारपर्यंत संपते किंवा टाकावी लागते. पुण्याची १८८६ सालची मंडई उन्हाळ्यात आजही बाहेरच्यापेक्षा थंड वाटते ती उंच छत आणि खेळत्या हवेमुळे, आणि त्या वेळी विजेचा पंखाही नव्हता.

कचऱ्याचा प्रश्नही मुळात आखणीचाच आहे. फ्लॉवरचा गड्डा आम्ही पाल्यासकट पाठवतो, कारण गोणीत दाबला गेला तर पाल्यामुळे तो वाचतो. तो पाला बाजारात निघतो, तुडवला जातो आणि तेथून क्षेपणभूमीवर जातो. हाच माल कॅरेटमध्ये गेला तर पाला रानातच राहील आणि जनावरांच्या दावणीला लागेल. परंतु रिकामे कॅरेट परत मिळण्याची, धुण्याची आणि मोजून घेण्याची जागा आवारात नसेल तर कॅरेट हरवतात आणि शेतकरी पुन्हा गोणीकडे वळतो. टोमॅटोत कॅरेट रुळले आहेत, फ्लॉवर आणि कोबीतही रुळतील. नव्या आवारात बायोगॅसचा प्रकल्प दाखवला जातो त्याचे स्वागत आहे, पण त्याच नकाशावर कॅरेटच्या आगाराला जागा दाखवली तर त्या प्रकल्पाकडे जाणारा कचराच निम्मा होईल, असे माझा अनुभव सांगतो.

माल आणणारी गाडी, माल नेणारी गाडी आणि पायी येणारा माणूस, या तिघांच्या वाटा वेगळ्या हव्यात आणि शक्य तेथे वेळाही. पॅरिसच्या मध्यवस्तीतील जुना बाजार १९६९ साली शहराबाहेर रंजिस येथे नेला, तेव्हा त्याला दोनशे हेक्टरांहून अधिक जागा आणि महामार्गाची सोय मिळालीच, पण मासळी, मांस आणि भाजी-फळे यांच्या विक्रीच्या वेळाही वेगवेगळ्या ठेवल्या गेल्या. आपल्याकडे एवढी जागा मिळणे कठीण आहे, वेळा ठरवणे मात्र कठीण नाही. घरगुती खरेदीसाठी येणाऱ्या ग्राहकांना घाऊक आवारात मज्जाव करावा असे मी म्हणत नाही, त्यांच्यासाठी कडेला स्वतंत्र दार आणि स्वतंत्र ओटे असावेत. सगळ्यांना एकाच वाटेने सोडण्याची किंमत आपण मे २०२० मध्ये मोजली आहे. करोनाच्या संसर्गामुळे वाशीचे पाचही बाजार आठवडाभर बंद ठेवावे लागले आणि चेन्नईच्या कोयंबेडू बाजारावरही त्याच महिन्यात तीच वेळ आली.

स्वच्छतागृहांबद्दल थोडक्यातच लिहितो. माझी पत्नी बारा वर्षे माझ्याबरोबर रात्रीच्या गाडीने येत असे, आता येत नाही, आणि त्याचे कारण भावाशी निगडित नाही. निवड करणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या आणि माल घेऊन येणाऱ्या स्त्रियांसाठी रात्री उजेड असलेले, पाणी असलेले आणि कुलूप न लावलेले स्वच्छतागृह प्रत्येक शेडपासून चालत दोन मिनिटांवर असावे; ते आवाराच्या टोकाला बांधले तर रात्री तिकडे एकटी बाई जात नाही.

१९६३ च्या बाजार समिती कायद्यानुसार वर्षानुवर्षे आम्हाला आवारात येण्यावाचून पर्याय नव्हता. २०१६ साली फळे आणि भाजीपाला आवाराबाहेरच्या विक्रीसाठी नियमनमुक्त झाला आणि अडत, म्हणजे अडत्याचा मोबदला, खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. आमच्या गावातील काही तरुण आता माल थेट सोसायट्यांना किंवा कंपन्यांच्या संकलन केंद्रांना देतात. मी अजूनही आवारातच जातो, कारण शंभर गिऱ्हाइकांच्या समोर ठरलेला भाव मला एकट्या खरेदीदाराने सांगितलेल्या भावापेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो. असा भाव ठरण्याची जागा टिकावी, ही माझी कळकळ आहे; आणि ती टिकायची तर तेथे जाण्यात रात्र खर्ची पडता कामा नये.

म्हणून राज्य शासनाला, पणन मंडळाला आणि बाजार समित्यांना माझी विनंती आहे की कोणत्याही नव्या आवाराचा नकाशा मंजूर करण्यापूर्वी जुन्या आवाराच्या फाटकांवर पूर्ण एक वर्ष, सर्व हंगामांत, प्रत्येक गाडीची येण्याची, उतराईची आणि बाहेर पडण्याची वेळ नोंदवावी. त्या नोंदींवरून धक्के आणि रस्ते आधी आखावेत, गाळे नंतर. नकाशाचा पहिला मसुदा आवारातील फलकावर महिनाभर लावावा आणि हमाल, तोलणार, गाडीचालक व शेतकरी यांच्या हरकती लेखी घ्याव्यात. माझ्या वहीत अकरा वर्षांच्या नोंदी आहेत. कोणत्याही समितीच्या अभियंत्यांना त्या उपयोगी पडणार असतील तर वही घेऊन येण्यास मी तयार आहे.

आपला,
एक भाजीपाला उत्पादक शेतकरी
ता. जुन्नर, जि. पुणे