स्वप्नातले आपण

महोदय,
स्वप्न म्हटलं की आपल्याकडे लगेच शकुन-अपशकुन निघतात. साप दिसला, दात पडला, आता काय होणार? पण स्वप्नात आपण स्वतः कुठे होतो, हे कुणी विचारत नाही. डोळा लागता लागता नुसती चित्रं सरकतात, त्यात बऱ्याचदा आपण नसतोच. गाढ झोपेतून उठवलेला माणूस एखादा तुटक विचार सांगतो, कधी काहीच नाही. बंद पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात त्या ‘रेम’ झोपेत मात्र आपण पळतो, भांडतो, रडतो. अंथरुणात हातपाय लुळे असतात, म्हणूनच इजा होत नाही. शिकागोत असेरिन्स्की व क्लाइटमन या संशोधकांनी १९५३ मध्ये ही अवस्था नोंदवली. साधारण दर दीड तासाने ती येते, पहाटेकडे लांबत जाते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करून आलेल्याचा डोळा लागतो न लागतो तोच खाली भंगारवाल्याचा भोंगा सुरू होतो. अशा तुटक झोपेबद्दल डॉक्टरांकडून लिहून घ्या. आपल्या पुरवणीत स्वप्नफळांऐवजी झोपेवर सदर सुरू करावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सिडको, नाशिक