नव्या डिस्क नकोत, आमच्या जुन्या एसएसडी परत द्या

प्रति,
मा. व्यवस्थापक (ग्राहक सेवा),
क्लस्टर पुरवठा व देखभाल विभाग,
नागपूर

दिनांक: १९ सप्टेंबर २०२५

विषय: देखभाल करारातील कामात फाइल सिस्टीमचा मेटाडेटा गेल्याबाबत, आणि आमच्या दोन जुन्या एसएसडी आहेत तशा परत मिळण्याबाबत.

महोदय,

तुमच्या पोर्टलवर आमची तक्रार 'निराकरण झाले' असा शेरा मारून बंद केलेली दिसते. निराकरण काहीच झालेलं नाही. फोन केला की दरवेळी नवा माणूस लागतो आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं, म्हणून आता लेखी देतो आहे.

पुढचं वाचायला सवड नसेल तर निदान एवढं आजच करा. तुमचा अभियंता आमच्या मेटाडेटा सर्व्हरमधून (फाइलींची नावं आणि पत्ते ठेवणाऱ्या संगणकातून) काढून घेऊन गेला त्या दोन एसएसडी कोणाच्या टेबलावर, कोणत्या खोक्यात आहेत ते शोधा आणि त्यांना कोणी हात लावू नये असं सांगा. फॉरमॅट नको, तपासणी नको, 'वॉरंटीत परत पाठवतो' तर अजिबात नको. त्यांचे सिरियल नंबर तुमच्याच सर्व्हिस रिपोर्टवर आहेत.

राजुरा बाजारला (ता. वरूड, जि. अमरावती) माझं आणि धाकट्या भावाचं ड्रोन-मोजणीचं केंद्र आहे. वरूड-मोर्शी भागातल्या संत्र्याच्या बगीच्यांचे वरून फोटो काढायचे, ते जोडून नकाशा करायचा, झाडं मोजायची, पिवळी पडलेली आणि डिंक्या रोगाने खचत चाललेली झाडं वेगळी दाखवायची, हे आमचं काम. त्यावरून कास्तकार कोणत्या ओळीत औषधाची आळवणी करायची ते ठरवतो. व्यापारी बगीचा पाहायला आला की झाडांचा आकडा हातात ठेवून भावाचं बोलतो. आंबिया बहाराचा माल झाडावर आहे, व्यापारी फिरू लागले आहेत, आणि आमच्याकडे द्यायला नकाशा नाही. 'भाऊ, माह्या बगीच्याचा नकाशा कवा भेटते?' असं विचारायला माणूस थेट दारात येतो. त्याला तुमच्या पोर्टलवरचा शेरा दाखवून भागत नाही.

एका मोठ्या बगीच्याचे हजार-दीड हजार फोटो होतात आणि ते एकाच वेळी अनेक नोडना, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या संगणकांना, वाचायला लागतात, म्हणून लस्टर फाइल सिस्टीम घ्या, असं तुमच्याच विक्री प्रतिनिधीने सुचवलं. चार गणनेचे नोड, दोन साठवणीचे सर्व्हर, एक मेटाडेटा सर्व्हर. लस्टरबद्दल आमचं काही म्हणणं नाही, मोठमोठे महासंगणक तिच्यावर चालतात. म्हणणं आहे ते तुमच्या माणसाने तिच्यावर केलेल्या कामाबद्दल.

हे पत्र कदाचित हिशेब विभागातही जाईल, म्हणून थोडं उलगडून सांगतो. लस्टरमध्ये फाइलीतला मजकूर साठवणीच्या सर्व्हरवर 'ऑब्जेक्ट' म्हणून राहतो. फाइलीचं नाव, तिचं फोल्डर आणि ती कोणकोणत्या ऑब्जेक्टची मिळून झाली आहे, ही नोंद फक्त मेटाडेटा सर्व्हरवर असते. जमीन जागेवर आहे, कास्तकारांची नावंही आहेत, पण तलाठ्याच्या दप्तरातली कोणता गट कोणाचा हे सांगणारी पानं जळाली, तशी आमची आजची गत आहे.

मेटाडेटा सर्व्हरमध्ये ९६० जीबीच्या दोन एसएसडी मिररमध्ये होत्या, म्हणजे दोन्हींवर तोच मजकूर. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात त्यातली एक एरर द्यायला लागली. दुसरी ठणठणीत होती. मिरर ठेवतात तो अशाच वेळेसाठी: बिघडलेली डिस्क काढायची, नवी लावायची, बाकीचं मिरर आपलं आपण भरून घेतो. अभियंत्याकडे त्या मापाची एसएसडी नव्हती, मोठ्या मापाच्या दोन होत्या. मोठी डिस्कसुद्धा त्या मिररमध्ये चालली असती, वरची जागा वाया गेली असती एवढंच. पण त्याने दोन्ही नव्या लावून वेगळी जोडी केली, जुन्या जोडीवरचा मेटाडेटा टार करून, म्हणजे एका गठ्ठ्यात बांधून, बाजूला ठेवला, नवी जोडी लस्टरसाठी फॉरमॅट केली आणि त्यावर ते टार उलगडलं. पोरगा वागायला चांगला होता, जेवायलाही आमच्याकडेच होता. त्याला हे काम कोणी नीट शिकवलेलं नव्हतं, हा दोष मी त्याचा मानत नाही.

'या भाऊ, पाहून घ्या,' म्हणाला. मी एलएस ही फाइलींची यादी दाखवणारी कमांड मारली. गावांची नावं आली, कास्तकारांची आली, गट नंबर आले, बहाराप्रमाणे केलेले फोल्डर आले, सगळं जागच्या जागी. आणि आकाराच्या रकान्यात प्रत्येक फाइलीसमोर शून्य. फोटो शून्य, नकाशा शून्य, झाडांचे तक्ते शून्य. 'सिंक व्हायला टाइम लागते, सकाळपर्यंत येऊन जाईल,' असं उत्तर मिळालं. सर्व्हिस रिपोर्टवर मी 'सर्व फाइली शून्य आकाराच्या दिसत आहेत' असं लिहूनच सही केली. ती प्रत तुमच्याकडेही आहे. तरी तक्रारीचं तिकीट बंद.

सकाळी काही आलं नाही आणि येणारही नव्हतं. कोणती फाइल कोणत्या ऑब्जेक्टमध्ये आहे ही नोंद लस्टर त्या फाइलीच्या एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (फाइलीला चिकटलेल्या जादा नोंदीत) ठेवते, 'ट्रस्टेड डॉट एलओव्ही' या नावाने. फाइलीची स्वतःची ओळख, ज्याला फिड म्हणतात, ती 'ट्रस्टेड डॉट एलएमए'मध्ये असते. साधं टार या दोन्ही गोष्टी उचलत नाही, आणि उचलल्या नाहीत असं सांगतही नाही; मुकाट्याने काम संपवतं. त्यासाठी टारला या जादा नोंदींसाठीचा एक्सअ‍ॅटर्सचा पर्याय द्यावा लागतो, आणि 'ट्रस्टेड'ने सुरू होणारी नावं घे असं वेगळं सांगावं लागतं, कारण उलगडताना ते आपणहून फक्त 'यूझर'ची नावं लावतं. ते जमत नसेल तर आधी गेटफॅटरने सगळे अ‍ॅट्रिब्यूट एका फाइलीत उतरवून घ्यायचे आणि नंतर सेटफॅटरने परत लावायचे. हे मी शोधून काढलेलं नाही, लस्टरच्या माहितीपुस्तिकेत बॅकअपच्या प्रकरणात लिहिलेलं आहे. सगळ्यात सोपा मार्ग तर डीडीने अख्ख्या डिस्कची प्रत काढण्याचा. सेकंदाला १२० एमबी लिहिणारी साधी बाहेरची हार्डडिस्क असली तरी ९६० जीबीला सव्वादोन तास लागतात. अभियंता त्याहून जास्त वेळ आमच्याकडे बसून होता.

सर्व्हरच्या कमांड हिस्टरीत त्या दिवसाची टारची ओळ आहे तशी आहे. एक्सअ‍ॅटर्सचा उल्लेख नाही. स्क्रीनचा फोटो सोबत जोडला आहे.

तुमच्या कार्यालयाकडून आतापर्यंत तीन प्रकारची उत्तरं मिळाली. पहिलं, नावं दिसतात म्हणजे मेटाडेटा आला. त्याचं उत्तर वर दिलंच आहे. दुसरं, करारात 'डेटाची जबाबदारी ग्राहकाची' असं कलम आहे. असेल, पण तुमच्या कोटेशनमध्ये 'मेटाडेटा सर्व्हरचा रोजचा बॅकअप' अशी स्वतंत्र ओळ आहे, तिचे पैसे आम्ही भरलेले आहेत, आणि तो बॅकअप तुम्ही कधी सुरूच करून दिला नाही. जो बॅकअप घ्यायचं काम तुमचं, तो नाही म्हणून जबाबदारी आमची, हे गणित माझ्या डोक्यात शिरत नाही.

तिसरं उत्तर जास्त धोक्याचं आहे, कारण ते ऐकायला बरोबर वाटतं: 'एलएफएससीके चालवा, सगळं जुळून येईल.' एलएफएससीके (लस्टरची तपासणी-दुरुस्ती) काय करतं ते मला माहीत आहे. साठवणीच्या प्रत्येक ऑब्जेक्टवर तो कोणत्या फाइलीचा तुकडा आहे, म्हणजे मूळ फाइलीचा फिड आणि तुकड्याचा क्रम, याची उलटी नोंद असते. अनाथ ऑब्जेक्ट शोधण्याचा पर्याय देऊन लेआउटची, म्हणजे फाइल आणि तुकड्यांच्या जुळणीची, तपासणी चालवली, तर त्या नोंदीवरून फाइली पुन्हा उभ्या राहतात. पण त्या उभ्या राहतात लॉस्ट-अँड-फाउंड या बेवारस फाइलींच्या फोल्डरमध्ये, आणि त्यांचं नाव म्हणजे तो फिडचा आकडा. खरं नाव ऑब्जेक्टवर लिहिलेलं नसतंच. उलगडलेल्या टारमध्ये जी नावं आहेत त्यांना जुना फिड उरलेला नाही, म्हणून दोन्हींची गाठ पडायची नाही. नावं एका बाजूला, मजकूर दुसऱ्या बाजूला. शिवाय हे करताना मेटाडेटावर आणि ऑब्जेक्टवर नव्याने लिहिलं जाणार. म्हणून ती तपासणी आम्ही 'फक्त दाखव, बदलू नकोस' या पद्धतीनेच चालवली. त्या दिवसापासून क्लस्टरवर एकही फाइल लिहिलेली नाही.

साठवणीची एक डिस्क आम्ही फक्त वाचण्यापुरती जोडून पाहिली. 'ओ', त्यात शून्य, त्यात डी-शून्यपासून डी-एकतीसपर्यंत बत्तीस फोल्डर, आणि त्यात नुसत्या आकड्यांच्या नावाचे ऑब्जेक्ट. माल सगळा आहे. आमचे फोटो एकाच पट्टीत (तुकडे न पाडता) ठेवलेले असल्याने प्रत्येक फोटो एकेका ऑब्जेक्टमध्ये अख्खा आहे. एक बाहेर काढला, उघडला, बगीचा स्वच्छ दिसला. फोटोच्या आतच काढल्याची वेळ आणि अक्षांश-रेखांश असतात, त्यावरून गाव आणि गट कळतो. पण ड्रोन धुरा (शेताचा बांध) पाहून उडत नाही, एका फोटोत दोन-दोन कास्तकारांची झाडं येतात. जोडलेले मोठे नकाशे चार डिस्कवर एकेक एमबीच्या तुकड्यांत विभागलेले आहेत. ते क्रमाने लावता येतील, वेळ लागेल. खरी अडचण झाडांच्या तक्त्यांची आहे. एकेका बगीच्याचे चार-पाच तक्ते असतात, पहिली मोजणी, कास्तकारासोबत फिरून केलेली दुरुस्ती, मेलेली झाडं वगळून केलेली अंतिम यादी. आत सगळ्यांत तेच रकाने. कोणता अंतिम हे फक्त फाइलीच्या नावात होतं. चुकून पहिला तक्ता व्यापाऱ्यासमोर गेला, तर मेलेली झाडं जिवंत म्हणून मोजली जातील, आणि भांडण आमच्या दारात येईल.

म्हणून पुन्हा त्या जुन्या एसएसडीवर येतो. मिररमधली चांगली डिस्क म्हणजे आमचा पूर्ण मेटाडेटा आहे, नावं, फिड, लेआउट, सगळ्यासकट. क्लस्टरवर नंतर काही लिहिलं नसल्याने तो आजच्या ऑब्जेक्टशी जुळतो. ती डिस्क आली तर हे काम एका दिवसाचं आहे. ती पुसली गेली तर कित्येक महिन्यांचं, आणि तेही अर्धवट. हार्डडिस्कवर पुसलेलं कधीकधी काढता येतं; एसएसडीवर एकदा ट्रिम (पुसलेल्या जागेची सफाई) चाललं की आशा ठेवू नये. नुसती पडून राहिली तरी चालेल असंही नाही. जेडेक या चिप-उद्योगाच्या मानक संस्थेच्या मानकाप्रमाणे आयुष्य संपत आलेल्या सर्व्हर वर्गाच्या एसएसडीने वीज नसताना, ४० अंशांत, तीन महिने माहिती टिकवावी एवढीच अपेक्षा असते. आमच्या जोडीतली एक आधीच थकलेली होती, दुसरीने तेवढंच काम केलेलं आहे. पत्र्याच्या गोदामात ऑक्टोबरचं ऊन कसं असतं ते नागपूरच्या माणसाला मी काय सांगावं?

दोन्ही डिस्क दसऱ्याच्या, म्हणजे २ ऑक्टोबरच्या आत, कुरिअरने न पाठवता माणसाच्या हाती पाठवा. बिघडलेलीही द्या, चांगलीवर एखादा भाग वाचता आला नाही तर तिचा उपयोग होईल. सोबत लस्टर खरोखर हाताळलेला माणूस हवा. त्याने माझ्यासमोर आधी चांगल्या डिस्कची डीडीने प्रत काढावी आणि पुढचं सगळं त्या प्रतीवरच करावं. लस्टरसाठीच्या इटूएफएससीके या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामने काही न बदलता तपासणी, मग जोडणी, मग एलएफएससीके आधी नुसतं पाहण्यापुरतं. कोटेशनमधला रोजचा बॅकअप त्याच भेटीत सुरू करून द्यावा आणि एकदा परत भरून दाखवावा. दोन्ही नव्या एसएसडीचं बिल आम्ही भरणार नाही. बंद काळातल्या कामाच्या नुकसानीचा हिशेब वेगळा जोडला आहे, त्यावर बसून बोलायची माझी तयारी आहे, डिस्कवर नाही.

डिस्क मुदतीत आल्या नाहीत, किंवा पुसून आल्या, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. 'व्यावसायिक वापर आहे, तुम्ही ग्राहकच नाही' असं तुमचे वकील म्हणतील. कलम २(७)च्या स्पष्टीकरणात स्वयंरोजगारातून स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक वापरातून वगळली आहे, आणि आमच्या केंद्रात आम्ही दोघे भाऊच काम करतो. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे नागपूरच्या चकरा मारायची मला गरज नाही.

बंद केलेलं तिकीट पुन्हा उघडावं आणि दोन्ही डिस्क सध्या कुठे आहेत, कोणत्या स्थितीत आहेत, हे सिरियल नंबरसह परवापर्यंत ईमेलने कळवावं. सर्व्हिस रिपोर्टची प्रत, कोटेशनचं संबंधित पान, कमांड हिस्टरीचा फोटो आणि नुकसानीचा हिशेब सोबत जोडला आहे.

आपला,
(सही)
चालक, ड्रोन-मोजणी केंद्र
मु. पो. राजुरा बाजार, ता. वरूड, जि. अमरावती