टाका फक्त लोकरीचा नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत विणकामावर काही आलं तर ते थंडीतच येतं आणि सोबत फोटो स्वेटरचा नाहीतर बाळंतविड्यातल्या टोपड्याचा. मी गेली २६ वर्षं विणतेय, टोपडी-मोजे भरपूर केलेत, त्यात कमीपणा काहीच नाही, पण गेलं वर्षभर लोकर बाजूला ठेवून दुसऱ्याच गोष्टी सुयांवर घेतल्या, त्याबद्दल लिहायचंय.

आधी सुतळी घेतली. बोटं सोलवटली, टाका सुईवरून पुढे सरकेचना, शेवटी पाण्याचा हात लावून ओलसर केली तेव्हा जमलं. सुतळी स्वतः अजिबात ताणत नाही, पण विणलेला तुकडा दोन्ही हातांनी ओढला तर चक्क ताणला गेला! कारण ताण धाग्यात नाहीच, फासात आहे, प्रत्येक टाका म्हणजे खालच्या टाक्यातून ओढून घेतलेला फास, तो ओढला की पसरतो. लोकरीसारखा परत आक्रसला नाही, पण वाकवला तसा राहिला, त्याची टोपली झाली.

मग तांबं. बुधवार पेठेतून मोटर वाइंडिंगची बारीक तार आणली, सुलट-उलट चार ओळी मस्त झाल्या, पाचवीत एक टाका निसटला म्हणून उसवायला गेले तर तार कट्कन तुटली. लोकर कितीदाही उसवा, तांबं मात्र वाकवलं की तिथे कडक होत जातं. तांबट आळीत भांड्यांना मठारतात ना, ठोक्याठोक्याने तांबं कडक होतं, तेच माझ्या सुईवर होत होतं. तापवलं की मऊ होतं, पण या तारेवर वार्निशचा थर असतो, तो जळून धूर होतो, घरात ते करूच नये. म्हणून मग सैल विणायचं आणि चुकायचं नाही. आता तारेत वेणीची वीण जमलीये, मागे दिवा लावला की भिंतीवरच्या सावलीत एकेक टाका मोजता येतो.

जगात हे खूप पुढे गेलंय हो. अमेरिकन शिल्पकार रूथ असावा १९४७ मध्ये मेक्सिकोत तारेच्या टोपल्या करायला शिकल्या आणि त्याच फासांमधून पुढे त्यांची शिल्पं झाली. २०१८ मध्ये झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी तर मशीनवर विणलेलं कापड सुटकेसमधून मेक्सिको सिटीला नेलं, तिथे ते ताणून त्यावर काँक्रीट चढवलं, ५ टनांचं कवच उभं राहिलं!

आणि आपल्याकडे एका प्रदर्शनात माझं तारेचं काम दिलं तर 'महिलांचे छंद' असं लिहिलेल्या टेबलावर ठेवलं. फार वाईट वाटलं. शेजारी क्रोशाचे रुमाल होते याचं नाही, ते सुंदरच होते, पण डिझाइन शिकणारी मुलं वरच्या दालनात गेली आणि या टेबलाकडे कुणी फिरकलंच नाही, याचं.

तेव्हा एकदा तरी यावर पूर्ण पान द्या, तांबट आळी, बुरूड आळीतले कारागीर आणि विणणाऱ्या बायका एकत्र बसल्या तर काय होईल ते विचारा त्यांना. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला लोकरीसोबत सुतळी, जुन्या साड्यांच्या पट्ट्या द्यायला काय हरकत आहे? आणि वार्निश नसलेली, तापवून मऊ केलेली बारीक तांब्याची तार पुण्यात किलोभर तरी कुठे मिळते हे कुणा वाचकाला माहीत असेल तर प्लीज कळवा, मी लगेच जाऊन घेईन.

तुमची एक वाचक,
कोथरूड, पुणे